बोधनिक दृष्टिकोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राबद्दल लिहायला लागल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत परीक्षेचे विद्यार्थी सर्वांत जास्त. त्याखालोखाल 'सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा मानसोपचार) घेऊन बघा' असा सल्ला मिळालेली माणसं, मग शिक्षक, आणि अधूनमधून एखादा प्रोग्रॅमर. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तेच तेच पुन्हा सांगावं लागू नये म्हणून उत्तरांत दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. बोधनिक, बोधात्मक, संज्ञानात्मक, कॉग्निटिव्ह: हे सगळं एकच का?

हो, एकच. अभ्यासाच्या मराठी पुस्तकांत 'बोधनिक' बराच रुळला आहे, काही जण 'बोधात्मक' लिहितात, 'संज्ञानात्मक' हिंदीच्या वाटेने आला आणि आता बातम्यांतही दिसतो. मला 'बोधनिक' बरा वाटतो. एवढंच सांभाळा की मराठीत 'बोध' म्हटलं की गोष्टीच्या शेवटी मिळणारी शिकवण आठवते. तो अर्थ इथे नाही. इथे बोधन म्हणजे जाणण्याची सगळी कामं: लक्ष देणं, ओळखणं, लक्षात ठेवणं, आठवणं, भाषा वापरणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं. उत्तरपत्रिकेत यांतला एक शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. परीक्षकाचाही जीव वाचेल.

२. एका वाक्यात सांगा ना, बोधनिक दृष्टिकोन म्हणजे काय?

माणसाचं वागणं समजून घ्यायचं तर बाहेरून काय आलं आणि त्याने काय केलं एवढं पाहून भागत नाही; मधल्या टप्प्यात त्या माहितीचं काय झालं हे शोधावं लागतं, आणि ते प्रयोगाने शोधता येतं.

वाक्य लांबलं, पण शेवटचे चार शब्द सोडू नका. मनात काहीतरी चालू असतं हे कोणालाही माहीत आहे. ते प्रयोगात पकडता येतं, हा दावा बोधनिक मंडळींचा.

गर्दीत मागून कोणीतरी तुमचं नाव घेतं आणि तुम्ही वळता. आवाज आला, मान वळली, इथे गोष्ट संपत नाही. एवढ्या गोंगाटातून तोच आवाज वेगळा कसा काढला? ते नाव आहे हे कळायला स्मृतीत काय असावं लागलं? आणि काल तोच आवाज आला तेव्हा तुम्ही पुस्तकात गढलेले होतात, तर वळला का नाहीत? बोधनिक मानसशास्त्रज्ञाचा दिवस अशा प्रश्नांत जातो.

३. मग वर्तनवादापेक्षा यात वेगळं काय?

जॉन वॉटसनने १९१३ मध्ये जाहीरच केलं की मानसशास्त्राने दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या वर्तनापुरतं बोलावं. उद्दीपक (बाहेरून जे येतं ते) आणि प्रतिक्रिया यांच्या मधली जागा त्याने रिकामी सोडली. बोधनिक दृष्टिकोनाचं सगळं काम त्या मधल्या जागेतलं.

या जागेत काहीतरी आहे हे दाखवून दिलं ते उंदरांनी. १९३० मध्ये टोलमन आणि हॉन्झिक यांनी उंदीर रोज भुलभुलैयात सोडले. एका गटाला शेवटी दररोज खाणं मिळे, दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्या गटाला दहा दिवस काहीच नाही, अकराव्या दिवसापासून खाणं. हा तिसरा गट दहा दिवस नुसता भटकत होता. पण एकदा खाणं मिळाल्यावर बाराव्या दिवशी त्याच्या चुका एकदम खाली आल्या, पहिल्या दिवसापासून खाणं मिळणाऱ्या गटाइतक्या. म्हणजे बक्षीस नसतानाही उंदीर वाटा शिकत होते, फक्त ते दाखवण्याचं कारण नव्हतं. टोलमनने पुढे १९४८ मध्ये याला 'बोधनिक नकाशा' म्हटलं.

वर्तनवादातलं दुसरं मोठं नाव स्किनर. बऱ्याच नोट्समध्ये 'स्किनरच्या मते विचार अस्तित्वातच नसतात' असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे. विचार असतात हे तो मान्य करायचा. वर्तनाचं कारण म्हणून ते पुढे करण्याला त्याचा विरोध होता. ज्याला खोडायचं त्याचं म्हणणं आधी नीट मांडावं.

४. बोधनिक क्रांती नेमकी कधी झाली? परीक्षेत कोणतं साल लिहू?

वर्तनवाद मागे पडून मनातल्या प्रक्रियांचा अभ्यास पुढे आला, त्या बदलाला हे नाव. एकच साल लिहायचं तर १९५६. त्या वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेत एमआयटीमध्ये माहिती सिद्धांतावरच्या परिसंवादात न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा संगणक प्रोग्रॅम मांडला, नोम चॉम्स्की भाषेच्या रचनेवर बोलला आणि जॉर्ज मिलर स्मृतीच्या मर्यादेवर. बोधनिक विज्ञानाचा जन्मदिवस म्हणून मिलर स्वतः हीच तारीख सांगायचा. चॉम्स्कीने स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाची चिरफाड केली ती १९५९ मध्ये. ज्या पुस्तकाने या शाखेला नाव दिलं, ते उलरिक नायसरचं पुस्तक १९६७ चं.

'क्रांती' हा शब्द मात्र मला नेहमी थोडा फुगवलेला वाटतो. केंब्रिजमध्ये बार्टलेट १९३२ मध्येच स्मृतीवर लिहून मोकळा झाला होता, जिनिव्हात पियाजे मुलांच्या विचारांचा अभ्यास करत होता, जर्मनीत गेस्टाल्ट मंडळी (सुट्या तुकड्यांपेक्षा संपूर्ण आकृतीवर भर देणारी) होती. मनाला हद्दपार केलं होतं ते मुख्यतः अमेरिकेने. शिवाय बरीचशी ढकल दुसऱ्या महायुद्धाने दिली. रडारच्या पडद्यासमोर बसलेला माणूस काही वेळाने ठिपके चुकवू लागतो, असं का? डोळे तर उघडे असतात. या प्रश्नाला 'उद्दीपक-प्रतिक्रिया' हे उत्तर पुरेना.

५. मन दिसत नाही, मग मोजता कशाने?

मुख्यतः दोन गोष्टींनी: लागलेला वेळ आणि झालेली चूक. मेंदूचे स्कॅन बरेच नंतर आले, आणि प्रयोगाची मांडणी कच्ची असेल तर तेही काही वाचवत नाहीत.

वेळेची युक्ती जुनी आहे. डच शास्त्रज्ञ डॉंडर्सने १८६८ मध्ये साध्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजला, मग निवड करून द्यायच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजला आणि वजाबाकी केली. उरला तो निवड करण्याचा वेळ. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी प्रयुक्तांना (प्रयोगात भाग घेणाऱ्यांना) ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवून विचारलं, एकच आकृती फिरवलेली आहे की वेगळी? एक आकृती दुसरीपेक्षा जितके अंश फिरलेली, तितका उत्तराला जास्त वेळ, आणि आलेख जवळजवळ सरळ रेषा. जणू माणसं मनातल्या मनात तो ठोकळा हाताने फिरवावा तसा ठरावीक वेगाने फिरवत होती.

माझा सर्वांत आवडता प्रयोग जॉर्ज स्पर्लिंगचा, १९६० चा. तीन ओळींत बारा अक्षरं, सेकंदाचा विसावा भाग दाखवायची. किती आठवली विचारलं तर चार-पाच. पण लोक तक्रार करायचे की 'दिसली सगळी होती, सांगेपर्यंत पुसली गेली'. एखाद्याने ही तक्रार कानाआड केली असती. स्पर्लिंगने अक्षरं गायब झाल्यानंतर एक सूर वाजवायला सुरुवात केली: उंच सूर म्हणजे फक्त वरची ओळ सांगा, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता लोक चारांपैकी साधारण तीन अक्षरं बरोबर सांगू लागले. कोणती ओळ विचारणार हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं, म्हणजे सूर वाजला त्या क्षणी बारापैकी नऊच्या आसपास अक्षरं मनात हजर असली पाहिजेत. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की हा फायदा संपला. डोळ्यांमागे क्षणभर टिकणारी एक साठवण आहे, हे असं सिद्ध झालं.

घरी करायचा असेल तर स्ट्रूपचा प्रयोग (१९३५) करा. निळ्या पेनने 'लाल' लिहा, लाल पेनने 'हिरवा', हिरव्याने 'निळा', अशी वीसेक शब्दांची यादी. आता शब्द न वाचता शाईचा रंग भरभर सांगत जा. चौथ्या-पाचव्या शब्दाला जीभ अडखळेल. वाचता येत असूनही न वाचणं तुमच्या हातात नाही, हे त्या अडखळण्यातून कळतं.

६. हे म्हणजे जुनं अंतर्निरीक्षणच नवीन नावाने नाही का?

नाही. वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथे प्रशिक्षित माणूस स्वतःचा अनुभव सांगे. बोधनिक प्रयोगात प्रयुक्ताचं स्वतःबद्दलचं मत हा शेवटचा शब्द नसतो, आणि त्याला भक्कम कारण आहे. निस्बेट आणि विल्सन यांनी १९७७ मध्ये एका प्रयोगाची हकिगत दिली: चार नायलॉनच्या मोज्यांच्या जोड्या ओळीने ठेवल्या, सगळ्यात चांगली कोणती ते विचारलं. लोकांनी सर्वांत उजवीकडची जोडी सर्वांत डावीकडच्या जोडीपेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडली. कारण? 'विणकाम सुबक आहे' वगैरे. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या, आणि जागेचा परिणाम झाला असेल का असं विचारल्यावर बहुतेकांनी तो साफ नाकारला. आपण का वागलो याचं कारण आपण पुष्कळदा मागाहून रचतो.

७. मन म्हणजे कॉम्प्युटर, असंच हा दृष्टिकोन म्हणतो ना?

सुरुवातीला बऱ्याच जणांनी तसं धरून चालायला सुरुवात केली. माहिती आत येते, तिचं सांकेतन होतं, साठवण होते, गरजेला ती बाहेर काढली जाते. या उपमेने मोठं काम केलं: 'मधली प्रक्रिया' म्हणजे भुताटकी नव्हे, पायऱ्यापायऱ्यांनी लिहून दाखवता येते, एवढा धीर आला. पण उपमा ती उपमाच. कॉम्प्युटरमधली फाईल उघडली म्हणून बदलत नाही, आठवण मात्र काढता काढता बदलते (प्रश्न १० पाहा). मशीनला कंटाळा येत नाही, भीती वाटत नाही, शरीर नसतं. १९८६ च्या सुमारास रूमेलहार्ट, मॅक्लेलँड आणि सहकाऱ्यांनी जोडलेल्या असंख्य छोट्या घटकांच्या जाळ्यांवर काम पुढे आणलं, तेव्हा पायऱ्यांची कल्पनाही पातळ झाली.

प्रोग्रॅमर मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग आजचं भाषा-मॉडेल विचार करतं का? बोधनिक मानसशास्त्राचं उत्तर रुक्ष आहे. उत्तर बरोबर आलं यावरून ते माणसासारखंच काढलं असं ठरत नाही. चुका कुठे होतात आणि कठीणपणा वाढला की काय बिघडतं, ते जुळवून पाहावं लागतं.

८. आपल्याला एका वेळी सातच गोष्टी लक्षात राहतात, हे खरं का?

अर्धं खरं. मिलरच्या १९५६ च्या लेखात 'सात, दोन अधिक किंवा उणे' हा आकडा आहे, पण त्या लेखाचं मर्म 'कशाच्या सात' यात आहे. ही ओळ एकदाच वाचा, नजर काढा आणि म्हणून बघा:

ळ ग क ज ब न स म र द ह क

आता ही:

कमळ बदक नगर सहज

दोन्हीकडे तीच बारा अक्षरं आहेत, मोजून बघा. पहिल्या वेळी तुमच्यापुढे बारा वस्तू होत्या, दुसऱ्या वेळी चार. या गठ्ठे बांधण्याला मिलरने महत्त्व दिलं. गठ्ठा केवढा होईल ते आधीच्या ज्ञानावर ठरतं. मराठी न येणाऱ्याला दुसऱ्या ओळीचा काही उपयोग नाही.

शिवाय मनात घोकायला आणि गठ्ठे बांधायला वाव दिला नाही तर मर्यादा सातपेक्षा बरीच कमी, चारच्या आसपास येते, असं नेल्सन कोवनने २००१ मध्ये साधार मांडलं. 'स्लाईडवर सातच मुद्दे हवेत' या सल्ल्याचा मात्र मिलरशी काही संबंध नाही. स्लाईडवरचे मुद्दे समोर दिसत असतात, ते कोण पाठ करतंय?

९. अल्पकालीन स्मृती आणि कार्यकारी स्मृती यांत फरक काय?

अॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांच्या १९६८ च्या प्रतिमानात अल्पकालीन स्मृती ही मुख्यतः माहिती काही वेळ थांबण्याची जागा होती. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये विचारलं की ती एकच जागा असेल, तर लोक आकडे मनात धरून ठेवताना त्याच वेळी वाक्यं कशी समजून घेतात? काम मंदावतं, पण कोलमडत नाही. म्हणून त्यांनी भाग पाडले: आवाज-शब्दांचा एक, चित्र-जागेचा एक, आणि लक्ष वाटून देणारा मुकादम. चौथा भाग बॅडलीने २००० मध्ये जोडला. साठवण एवढाच भाग असेल तर अल्पकालीन म्हणा, साठवून त्यावर काम चालू असेल तर कार्यकारी. ३७ ला १६ ने तोंडी गुणताना जी दमते ती कार्यकारी स्मृती.

१०. मला तो प्रसंग जसाच्या तसा आठवतो. तरी तुम्ही म्हणता स्मृती भरवशाची नाही?

तुम्हाला जसाच्या तसा *वाटतो*, यावर वाद नाही. पण खात्री आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बार्टलेटने १९३२ मध्ये दाखवलं की परक्या संस्कृतीतली गोष्ट पुन्हा सांगताना लोक ती नकळत आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतात. न कळलेलं गाळतात, तर्काला पटेल असं भरतात. या साच्याला त्याने 'स्कीमा' म्हटलं. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात 'धडकून चक्काचूर झाल्या' या अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा अंदाज ताशी ४१ मैलांच्या आसपास, 'एकमेकींना लागल्या' अशा सौम्य क्रियापदाला सुमारे ३२. दुसऱ्या फेरीत आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधं 'आपटल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच.

आणि धक्कादायक प्रसंग? जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. ४४ पैकी ११ जणांचा एकही तपशील जुळला नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद दाखवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही.

११. मग साक्षीदारावर विश्वासच ठेवायचा नाही?

असं कोणी म्हणत नाही. रोजच्या व्यवहारात स्मृती बऱ्यापैकी चालते, नाहीतर कोणी घरी परत पोचलं नसतं. प्रश्न कसा विचारला, किती वेळाने विचारला, मधल्या काळात साक्षीदाराच्या कानावर काय पडलं, हे पाहायचं. सुरुवातीला, सूचक शब्द न वापरता घेतलेला जबाब आणि दहा वेळा उगाळलेला जबाब एका तराजूत घालायचे नाहीत.

१२. एका वेळी दोन कामं करता येतात की नाही?

दोन्हीपैकी एक सवयीचं झालं असेल तर येतात. चालता चालता बोलता येतं. दोन्ही कामांना विचार लागत असेल तर आपण दोन्ही करत नसतो, इकडून तिकडे उड्या मारत असतो, आणि प्रत्येक उडीला वेळ जातो.

कॉलिन चेरीने १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळी निवेदनं ऐकवली आणि एक मोठ्याने म्हणत जायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं निवेदन दुसऱ्या भाषेत गेलं तरी लोकांना ठामपणे सांगता येईना. त्यावरून ब्रॉडबेंटने १९५८ मध्ये गाळणीची कल्पना मांडली: आत एकच वाट, बाकीचं बाहेर. पण १९५९ मध्ये मोरेने दुर्लक्षित कानात प्रयुक्ताचं स्वतःचं नाव घातलं आणि साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. सगळंच गाळलं जात असेल तर नाव कसं पोचलं? ट्रीझमनने गाळणीच्या जागी आवाज कमी करणारी कळ बसवली: बाहेरचं बंद होत नाही, मंद होतं, आणि आपलं नाव मंद आवाजातही पुरतं.

गाडी चालवताना हात मोकळे ठेवून फोनवर बोललं तर चालतं, हा गैरसमज इथेच मोडतो. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या २००१ च्या प्रयोगात फोन हातात असो वा नसो, बोलणाऱ्यांचे सिग्नल सारखेच चुकले. अडकलेला असतो तो हात नव्हे. शेजारी बसलेल्याशी गप्पा थोड्या वेगळ्या, कारण त्यालाही रस्ता दिसतो आणि तो वेळेवर गप्प बसतो.

१३. हुशार माणसंही चुकीचे निष्कर्ष का काढतात?

पीटर वेसनचा १९६० चा खेळ मी वर्गात बऱ्याचदा घेतला आहे. फळ्यावर लिहायचं: २, ४, ६. हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन आकडे सांगा, मी 'बसतात' किंवा 'नाही' म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा.

पहिला हात वर येतो: ८, १०, १२. बसतात. दुसरा: २०, २२, २४. बसतात. तिसरी मुलगी शंभरच्या पुढे जाते. बसतात. आणि मग कोणीतरी विजयी चेहऱ्याने जाहीर करतं, 'सम आकडे, दोन-दोनने वाढणारे!' चूक. वर्गात कुजबुज. नियम फक्त एवढाच असतो: कोणतेही चढते आकडे. १, ७, ५० सुद्धा चाललं असतं. पण आपल्या कल्पनेला खोटं पाडू शकेल असा त्रिकूट सुचवायला कोणी सहसा जातच नाही. वेसनच्या २९ प्रयुक्तांपैकी पहिल्या घोषणेतच बरोबर आलेले सहा होते.

बुद्धी कमी पडते असं यात नाही. आपण जे मानतो त्याला दुजोरा शोधणं ही मनाची सोपी वाट आहे. ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९७४ मध्ये अशा आणखी वाटा दाखवल्या; जे पटकन आठवतं ते जास्त वेळा घडत असणार असं धरणं ही त्यांतली एक. कानमनला २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेला होता.

१४. पियाजे बोधनिक मानसशास्त्रज्ञ की विकासाचा?

दोन्ही. मुलाच्या विचारांची रचना टप्प्याटप्प्याने बदलते हा त्याचा विषय बोधनिकच आहे, पद्धत मात्र वेगळी. त्याने मुलांशी बोलून, त्यांच्या चुका पाहून काम केलं. दृष्टिकोनांच्या प्रश्नात तो इथे लिहा, विकासाच्या प्रश्नात तिथे.

१५. सीबीटी म्हणजेच बोधनिक दृष्टिकोन का?

नाही, त्याचं एक चुलत घराणं म्हणा. अॅरन बेक हा मूळचा मनोविश्लेषक. नैराश्याच्या रुग्णांचं ऐकताना त्याला दिसलं की त्यांच्या मनात काही विचार आपोआप उमटतात, आणि ते तीन गोष्टींबद्दल असतात: मी स्वतः, हे जग, पुढचा काळ. १९६० च्या दशकात त्याने त्यावर उपचार बांधला. अल्बर्ट एलिसने आपली विवेकनिष्ठ पद्धत त्याआधी, १९५५ च्या सुमारास सुरू केली होती. दोघांपैकी कोणीही स्मृतीच्या प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. आणि भीतीला हळूहळू सामोरं जाण्यासारखा सीबीटीमधला महत्त्वाचा भाग सरळ वर्तनवादाच्या घरचा आहे. पुस्तकात भांडणारे दोघे उपचाराच्या खोलीत एकत्र नांदतात.

१६. म्हणजे 'सकारात्मक विचार करा' हेच ना?

नव्हे, आणि हा गैरसमज लोकांना उपचारापासून दूर ठेवतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा मैत्रिणीला सकाळी मेसेज केला, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मनात येतं, 'तिला माझा कंटाळा आलाय.' सकारात्मक विचारवाला म्हणेल, 'असं म्हणू नकोस, तिचं तुझ्यावर खूप प्रेम आहे.' त्याला तरी काय माहीत? सीबीटी करणारा विचारेल: हा विचार आला तेव्हा किती टक्के खरा वाटला? याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय? तिने याआधी उशिरा उत्तर दिलं होतं का, तेव्हा कारण काय निघालं? दुसरी कोणती कारणं शक्य आहेत? आणि खरंच कंटाळली असेल तर तू काय करशील? हे कागदावर लिहायचं असतं. कधी पडताळणीनंतर मूळ विचार खराही निघतो. मग काम बदलतं, विचार उडवून लावला जात नाही. प्रश्न १३ मधला खेळ इथे स्वतःवर खेळायचा असतो, स्वतःच्या नियमाला खोटं पाडू शकेल असा आकडा शोधत.

त्रास रोजच्या कामात अडथळा आणत असेल तर हे वाचून घरी करत बसू नका, प्रशिक्षित माणसाकडे जा.

१७. सगळं विचारांचंच चाललंय. भावनांचं काय?

ही तक्रार रास्त आहे. सुरुवातीच्या प्रतिमानांत भावना बाजूलाच ठेवल्या होत्या. १९८० मध्ये झायोंकने ठणकावलं की आवड-नावड ठरायला विचारांची गरज नसते. लॅझारसने उलट सांगितलं की प्रसंगाचा अर्थ लावल्याशिवाय भावना उमटतच नाही. भांडणाचं मूळ बरंचसं 'बोधन' कशाला म्हणायचं यात होतं. नकळत होणारं मूल्यमापनही त्यात धरलं तर लॅझारस बरोबर, जाणीवपूर्वक विचारच धरला तर झायोंक.

१८. नकळत चालणाऱ्या प्रक्रिया म्हणता, म्हणजे फ्रॉइडचं अबोध मनच झालं की.

शब्द सारखे, माल वेगळा. फ्रॉइडच्या अबोध मनात दडपलेल्या इच्छा असतात. बोधनिक अर्थाने नकळत म्हणजे फक्त जाणिवेपर्यंत न पोचलेली प्रक्रिया. तिथे लपवालपवी काही नाही.

हेन्री मोलेसन, अभ्यासात एच. एम. म्हणून ओळखला गेलेला, याचं उदाहरण घ्या. १९५३ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा (आठवणी साठवण्याशी संबंधित भागाचा) बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिल्नरने त्याला आरशात पाहून चांदणीच्या कडेने रेघ ओढायला दिली. तीन दिवसांत हात छान बसला. तिसऱ्या दिवशीही हे काम पूर्वी केल्याचं त्याला आठवत नव्हतं. हाताला येत होतं, त्याला माहीत नव्हतं.

१९. मुलाला अभ्यासात याचा काय उपयोग?

सर्वांत खात्रीचा उपयोग एकच सांगतो: पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा आठवून बघणारे. गंमत म्हणजे पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. 'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' अशी वाटणी करून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याला मात्र पुरेसा पुरावा नाही. २००८ च्या एका सविस्तर आढाव्यात हे स्पष्ट झालं, तरी कल्पना काही मरत नाही.

२०. हे सगळे प्रयोग कॉलेजच्या पोरांवर, बंद खोलीत. खऱ्या जगात टिकतात का?

काही टिकतात, काही नाही. हा आक्षेप बाहेरच्यांचा नाही. नायसरनेच १९७६ मध्ये, आपल्या पहिल्या पुस्तकानंतर नऊ वर्षांनी, हा अभ्यास जगण्यापासून तुटत चालल्याची टीका केली होती. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, त्यांतल्या सुमारे ३६ टक्क्यांत ठळक निष्कर्ष पुन्हा मिळाला. बोधनिक अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, सामाजिक मानसशास्त्रात पाव. शेजाऱ्यापेक्षा बरे, एवढंच समाधान.

संस्कृतीचाही प्रश्न आहे. बाणांची टोकं आत-बाहेर असली की सारख्या रेघा लहानमोठ्या दिसतात, तो म्युलर-लायर भ्रम सगळ्यांना सारखाच होणार असं वाटायचं. १९६० च्या दशकात अनेक समाजांत तपासलं तेव्हा काही ठिकाणी तो जवळजवळ होतच नव्हता. स्ट्रूपचा परिणाम मात्र वाचता येणाऱ्या कोणावरही करा, मिळेल.

२१. शब्द अगदी ओठांवर येतो आणि अडतो. तेव्हा नक्की काय होतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला. ब्राउन आणि मॅक्नील यांनी १९६६ मध्ये लोकांना दुर्मिळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि अशी अडलेली माणसं पकडली. शब्द सांगता येत नसताना त्याचं पहिलं अक्षर आणि त्यात उच्चाराचे किती तुकडे आहेत हे त्यांना योगायोगापेक्षा बरंच जास्त वेळा सांगता आलं. म्हणजे शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात. पहिलं दार उघडलं आहे, दुसरं किलकिलं. बहुतेकदा त्या फटीत मिळत्याजुळत्या आवाजाचा दुसराच शब्द येऊन बसतो.

अशा वेळी जोर लावत बसू नका. वॉरिनर आणि हम्फ्रीज यांनी २००८ मध्ये लोकांना अडलेल्या अवस्थेत काहींना दहा, काहींना तीस सेकंद ठेवून मग शब्द सांगितला. दोन दिवसांनी त्याच शब्दांवर पुन्हा विचारलं, तर जे जास्त वेळ झटले होते तेच पुन्हा जास्त अडले. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी अडायचाच सराव केला होता. शब्द शोधून काढा, एकदा मोठ्याने म्हणा आणि पुढे चला.